शोभाचा डबा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे पुढे मला लाज कमी वाटेल. एका स्टीलच्या डब्यापायी मी जिवाभावाची मैत्रीण घालवायला निघाले होते. डबा काही चांदीचा नव्हे. साधा, पोळ्यांचा!

शोभा देऊळगाव राजाहून आमच्या शेजारी राहायला आली. तिच्या मिस्टरांची बुलढाण्याला बदली झाली होती. सामान उतरलं त्या दिवशी मी पिठलं करून नेलं, तिच्याच भांड्यात ओतलं आणि माझं पातेलं घेऊन परत आले. तेव्हापासून आमचं जमलंच. रोज संध्याकाळी ती माझ्या पायरीवर येऊन बसायची. मी लसूण सोलायची, ती सासूला सोलायची. या गल्लीत इतकी वर्षं काढली, पण मन मोकळं करावं अशी बाई मला तीच मिळाली.

मग एके दिवशी तिने कंपाउंडच्या भिंतीवरून मला एक डबा दिला. करंज्यांनी गच्च भरलेला.

आता तुम्हीच सांगा, दुसऱ्याच्या घरचं भांडं कुणी रिकामं परत करतं का? वडनेर भोलजीला माझी आई घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालून भांडं पाठवायची. मी डब्यात बेसनाचे लाडू भरले आणि भिंतीवरून दिला. चार दिवसांनी डबा परत हजर, आत धपाटे. मी म्हटलं, बाई हौशी दिसते. मी शेवयांची खीर पाठवली. तिकडून पुरणपोळ्या आल्या. मीही काय कमी आहे का? मी भरीत-भाकरी दिली. तर तिने अनारसे पाठवले!

अनारशांच्या बदल्यात काय देतात हो? मी दोन दिवस विचार केला आणि शेवटी चिरोटे पाठवले.

आमचे हे म्हणाले, "तिकडून डबा आला की आपल्या घरी सण, इकडून गेला की मुगाची खिचडी."

हळूहळू मला त्या डब्याचा धसकाच बसला. ओट्यावर तो नुसता बघत बसायचा, उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखा. डबा माझ्याकडे असला की मी शोभाला तोंड दाखवेना. तो तिच्याकडे असला की ती पायरीवर फिरकेना. एकदा गिरणीत ती येताना दिसली, तर मी चक्क गव्हाच्या पोत्यांमागे जाऊन बसले. पीठ नाकात जाऊन शिंका आल्या. शोभाने ऐकलं, पाहिलं आणि दळण तिथेच ठेवून निघून गेली.

त्या संध्याकाळी मी एकटीच लसूण सोलत बसले. भिंतीपलीकडे तिचा आवाज येत होता, ती फोनवर कुणाशी तरी हसत होती. मला कसंतरीच झालं. डबा सांभाळता सांभाळता माणूसच चाललं की हातचं!

उठले. डबा घासला, पुसला आणि भिंतीवरून न देता फाटकातून सरळ तिच्या दारात गेले.

"शोभा, हा घे तुझा डबा. रिकामा हाये. राग आला तं येऊ दे, पण आता मायाच्यानं होत नाही."

ती डब्याकडे बघतच राहिली. "माझा? अगं, हा तर तुझा आहे."

"माया काऊन असंन? करंज्या तूच तं देल्या याच्यात."

"तू पिठलं दिलंस ना, त्याचाच डबा समजून परत केला मी. तर तू पुन्हा भरून पाठवलास. मला वाटलं, ही बाई दम खाऊ देते की नाही! अनारसे विकतचे होते गं, शप्पथ."

मग मीही चिरोट्यांच्या दुकानाचं नाव सांगून टाकलं. तिच्या पायरीवर बसून आम्ही डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या मंदाकाकू आल्या. शोभा राहायला आली त्याच आठवड्यात त्या लेकीच्या बाळंतपणाला जालन्याला गेल्या होत्या, त्या आज परतल्या. पायरीवरचा डबा त्यांनी उचलला, फिरवून पाहिला.

"हा तं माया डबा हाय. हे पोरगी आली त्या दिवशी शिरा देल्ता याच्यात."

शोभा बिचारी नवीन. त्या दिवशी गल्लीतून आलेलं कुठलं भांडं कुणाचं, तिला काय ठाऊक? पण माझं काय? काकूंच्या घरच्या सत्यनारायणाचा प्रसाद वर्षानुवर्षं मी याच डब्यातून खाल्ला होता!

काकूंनी झाकण उघडलं. आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

इतके महिने तो डबा एकदाही मोकळा फिरला नव्हता. मालकिणीच्या हाती गेला तो मात्र ठणठणीत रिकामा, आणि तोही माझ्या हातचा.

"असू दे वं बाई," काकू म्हणाल्या, "घासून तरी देल्ला."