थेंबही न सांडता

आमच्या खोऱ्यात नवरे दोन जातींचे. एक, आपल्या पिकअप ट्रकचं ऑइल घरीच बदलणारे. दुसरे, गॅरेजवाल्याचे खिसे भरून वर बायकोला कारणं सांगणारे. होबार्ट स्कॅग्ज पहिल्या जातीतला, आणि त्यातही कमालीचा सोवळा.

त्याचं घर माझ्या समोरच. जन्म कोळशाच्या खाणीत गेला, पण कोळशाचा डाग घरात आलेला त्याला खपायचा नाही. मागच्या दाराशी कपडे उतरवून मगच आत यायचा, असं त्याची बायको इमोजीन सांगते. तोच हट्ट ट्रकच्या बाबतीत. इतरांनी ऑइल बदललं की दारापुढं काळं थारोळं, अंगणातलं गवत जळालेलं, बायको चिडलेली. होबार्टच्या दारापुढचं सिमेंट मात्र असं, की आमचे पाद्रीबाबा म्हणाले होते, इथंच पानं मांडावीत. माझा नवरा होता तेव्हा मी त्याला सारखी टोचायचे, "जा, समोर जाऊन शिक जरा." तो समोर कधी गेला नाही, देवाघरी गेला.

गेल्या हिवाळ्यापासून होबार्टचं डोकं निसटायला लागलं. विसरण्याचा आजार, म्हणाले डॉक्टर. चर्चच्या पायरीवर त्यानं मला माझ्या नवऱ्याची खुशाली विचारली. मी म्हटलं, बरा आहे. काय बोलणार? मग एकदा दूध आणायला म्हणून ट्रक घेऊन गेला तो अंधार पडला तरी आला नाही. शेरीफच्या माणसाला तो बंद पडलेल्या खाणीच्या फाटकापुढं सापडला. पहिल्या पाळीच्या भोंग्याची वाट बघत बसला होता.

त्यांची मुलगी रोवेना लेक्सिंग्टन शहरातून धावत आली. मीही तिथंच होते, इमोजीनबरोबर शेंगा मोडत.

"डॅडी, ट्रकची किल्ली दे."

"कशाला? तुझी गाडी बिघडली?"

"तू आता चालवायचं नाहीस म्हणून."

होबार्टनं खिशावरून किल्ली चाचपली. मग म्हणाला, "उद्या ऑइल बदलायचंय. सगळं एकटा करतो, कुणी हात लावायचा नाही. सिमेंटवर एक थेंब पडला तर किल्ली तुझी. नाही पडला तर हा विषय पुन्हा माझ्यापुढं काढायचा नाही."

रोवेना बापाचीच लेक. ती म्हणाली, "ठरलं."

मला फाटकापर्यंत सोडायला आली तेव्हा इमोजीन म्हणाली, "नडीन, तो जिंकायला हवा गं. ट्रक गेला की हा माणूस खुर्चीत बसल्याबसल्या संपेल."

जिंकला तर एखाद्याचं पोर चाकाखाली घेईल, असं माझ्या तोंडावर आलं होतं. गिळलं. मला तर ही पैज दोन्हीकडून बुडालेलीच दिसत होती.

सकाळी मी कॉफीचा कप घेऊन तिकडं गेले. रोवेना हाताची घडी घालून उभी होती. होबार्टनं पुढची चाकं गाडी उचलायच्या लोखंडी उतारांवर चढवली, हातब्रेक ओढला, मागच्या चाकांना ओंडके लावले. लोक खाली पुठ्ठा अंथरतात. त्याला ते कमीपणाचं वाटायचं. नुसता पसरट टब सरकवला आणि पाठीवर झोपून आत शिरला. ऑइलच्या टाकीच्या तळाचा बोल्ट शेवटच्या आट्यांवर आला तसा तो आत दाबून धरत फिरवला आणि झटक्यात बाजूला ओढला. धार हाताला न लागता सरळ टबात. निथळल्यावर बोल्ट परत आवळला. मग ब्रेडची रिकामी पिशवी फिल्टरवर चढवली, पिशवीतच तो फिरवून काढला आणि गाठ मारून बाजूला ठेवला. नव्या फिल्टरच्या रबरी वायसरला बोटानं ऑइल चोपडलं, हातानंच आवळला. जुनं ऑइल नरसाळ्यानं दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये, नवं इंजिनात. सिमेंट कोरडं ठाक.

हात कुठं अडला नाही, काही विचारावं लागलं नाही. मूर्खासारखी मीही मनात म्हणायला लागले, की डॉक्टरांनाच काही कळत नसेल.

"बघून घे," होबार्ट रोवेनाला म्हणाला आणि ट्रकमध्ये चढला.

इंजिन सुरू झालं आणि लगेच खालून फरफर आवाज यायला लागला. नवंकोरं, मधाच्या रंगाचं ऑइल चाकांमधून वाहत दारापुढच्या सिमेंटवरून रस्त्याकडं निघालं. होबार्ट स्टिअरिंग धरून समोर बघत बसलेला. रोवेनानं खिडकीतून हात घालून इंजिन बंद केलं. इमोजीननं मांजराच्या शी-शूसाठी आणलेल्या मातीची गोणी ओढत आणली आणि त्या ऑइलवर ओतायला लागली. ऑइल शोषून घ्यायला त्या मातीएवढं दुसरं काही चालत नाही. माझा नवरा ऑइल सांडायचा तेव्हा ही गोणी मीच तिच्याकडून मागून न्यायचे.

होबार्ट उतरला, खाली शिरला, नवा फिल्टर खोलून घेऊन बाहेर आला. दुसऱ्या हातात एक रबरी वायसर होती. जुन्या फिल्टरची वायसर इंजिनालाच चिकटून राहिली होती. तिच्यावर नवी बसली की जोड धरत नाही, दाबानं ऑइल फुटतं. जुना फिल्टर तर त्यानं पिशवीतल्या पिशवीत गाठ मारून ठेवलेला. वायसर त्याच्यावर नाही, हे दिसणार कसं? एरवी तो बोट फिरवून बघत असणार. आज विसरला.

मला वाटलं, आता रडेल. रोवेनाचे डोळे तर भरलेच होते.

"कोणी केलं हे?" होबार्टनं विचारलं. तो संतापला होता.

"डॅडी..."

"जुनी वायसर ठेवून वर नवा फिल्टर चढवलाय. इंजिन जाळलं असतं त्यानं. इमोजीन, कुठल्या गाढवाला हात लावू दिलास तू माझ्या ट्रकला?"

इमोजीनचा माती ओतणारा हात थांबला.

"आला होता कोणीतरी," ती म्हणाली. "गेला तो."

"परत येईल. असली माणसं परत येतात." त्यानं आत वाकून किल्ली काढली, तिच्या तळहातावर ठेवली आणि आपल्या हातांनी तिची मूठ मिटली. "ही तुझ्यापाशी ठेव. तो मागेल, गोड बोलेल, चिडेलसुद्धा. काही केल्या द्यायची नाही."

"नाही देणार," इमोजीन म्हणाली.