तपासणीआधीचे दोन दिवस

तेव्हा मी जळगावात एका आरोग्य संघटनेसाठी पत्रकं लिहायचो. ‘डॉक्टरला प्रश्न विचारा, तो तुमचा हक्क आहे’, असली ठणठणीत वाक्यं. एसटी स्टँडवर वाटायचो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, हृदयाच्या नळ्या तुंबल्या. मुंबईला बायपास ठरलं. जळगावच्या डॉक्टरांनी अट घातली: महिनाभर साखर ताब्यात हवी, दर सोमवारी तपासणी, नाहीतर इन्सुलिन, आणि ऑपरेशन पुढे.

नानांना सुईची धास्ती. शनिवार-रविवार ते कारल्याच्या भाजीवर काढायचे, भाकरीला शिवायचे नाहीत. सोमवारी रिपोर्ट झकास. मंगळवारपासून केळी, गुळाचा चहा, शिरा.

“बठ्ठं बरोबर शे ना? मंग सुई कसाले?” नाना हसायचे.

रिपोर्ट मीच आणायचो. एकदा म्हणालो, “नाना, ही फसवाफसवी आहे.”

आई म्हणाली, “तुझी पत्रकं स्टँडवर वाट. एवढा महिना निघू दे.”

पुढच्या सोमवारचा रिपोर्टही मी तसाच डॉक्टरांना नेऊन दिला. ऑपरेशनची तारीख मलाही हुकवायची नव्हती.

ऑपरेशन नीट झालं. मग छातीचे टाके पाझरायला लागले. साखर उतरेना, सुया सुरू झाल्या, जखम भरेना. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी जळगावचे रिपोर्ट खाटेवर पसरले.

“हे तर चांगले आहेत. मग इथेच एवढी कशी चढते? घरी खाण्यापिण्याचं काय होतं?”

नानांनी माझ्याकडे पाहिलं.

“पथ्य कडक होतं,” मी म्हणालो.

प्रश्न विचारणं हा हक्क, हे लिहिणारा मीच. उत्तर खरं द्यावं, हे कुठल्याच पत्रकात नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात नाना गेले. खरं सांगितलं असतं तर वाचले असते का, माहीत नाही. मला रडू आलं नाही. राग आला असता तरी चाललं असतं, रागावर तर माझं सगळं चालायचं. तोही आला नाही. दहावं-तेरावं झालं, मी पुन्हा पत्रकं वाटायला लागलो.

काही महिन्यांनी पाचोऱ्याला साखर तपासणीचं शिबिर होतं. रांगेतले एक आबा माझ्या कानाशी आले. “भाऊ, दोन दिवस नुसतं कारलं खाल्लं. आता चांगला येईन ना रिपोर्ट?”

मागचे हसले. “आबा पहिला नंबर काढता आज!”

मी आबांना रांगेतून बाहेर घेतलं. “घरी जा. रोजचं जेवा. मग या.”

“वाईट येईन ना मंग!”

“येऊ द्या.”

ते हलेनात. मग बाकावर बसवून मी त्यांना नानांचं सगळं सांगितलं. त्या डॉक्टरांना मी काय उत्तर दिलं, तेही.