गेटबाहेरची खुर्ची

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी माझ्या वरिष्ठांना शोधत बोम्मसंद्र्यातल्या आमच्या कापड रंगवायच्या कारखान्यावर पोचले, तर त्या गेटबाहेर! आमच्याच कंपनीविरुद्ध घोषणा देणाऱ्या बायकांमध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकून इडली खात बसलेल्या. "नागपूरची तूच ना? ये, बस की. इथनं आपलं गेट कसं दिसतं ते स्वल्प बघून घे." बाप्पा! ही जनसंपर्काची प्रमुख? मी मनातल्या मनात परतीचं तिकीट काढलं.

शैलाक्का मूळच्या निपाणीच्या. कन्नड आणि मराठी, दोन्ही घरच्याच. मोर्चा आला की आमच्या धंद्यातले बाकीचे एसी लावून खुलाशाचं पत्रक लिहायला बसतात. अक्का खुर्ची उचलून बाहेर निघायच्या. म्हणायच्या, "भांडायला दारात आलाय म्हणजे त्याला अजून आपल्याकडून आशा आहे. गप्प झाला की मग घाबरायचं बघ."

पुढे मागच्या वस्तीतल्या बोअरवेलला लालसर पाणी यायला लागलं. गेटसमोर इडली विकणारी गंगम्मा सगळ्या वस्तीला घेऊन आली. मोठ्या साहेबांचं पत्रक तयारच होतं: आमचं सांडपाणी शुद्ध आहे, बाहेरच्या लोकांनी वस्तीला भडकवलंय. खाली अक्कांचं नाव.

"बाहेरची कोण, सर? गंगम्मा? तिची इडली खाऊन तर तुमचा दिवस सुरू होतो!"

"सही करा, नाहीतर राजीनामा द्या."

अक्कांचा आवाज हलला नाही. "आधी गेट उघडा. त्यांना हवं तिथलं पाणी घेऊ द्या, हव्या त्या प्रयोगशाळेत तपासू द्या. शुद्ध निघालं तर पत्रकावर सही करते, वर राजीनामाही देते. घाण निघालं तर रंगखातं बंद, आणि ते गेटवर मी सांगणार."

साहेबांना आपल्या पाण्याची एवढी खात्री, की ते "सरी, सरी, चालेल" म्हणून मोकळे झाले.

घाण निघालं. अक्का त्याच खुर्चीवर चढल्या आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, "तप्पु नम्मदु." चूक आमची! आमच्या धंद्यात हे दोन शब्द कुणी उच्चारत नाही हो. "रंगखातं आजपासून बंद. बोअरचं पाणी सुधारेपर्यंत टँकर आमचे. पाणी सुधारलं की नाही, ते तुम्ही ठरवायचं." मागे साहेब उभे होते. त्यांनी मान डोलावली, डोलवावीच लागली.

शुद्धीकरणाची यंत्रणा नवी आली. बोअरचं पाणी तपासणीत स्वच्छ ठरलं, त्या सकाळी गंगम्मानं त्याच पाण्यात इडल्या केल्या आणि पहिली प्लेट साहेबांपुढे धरली. साहेबांनी ती मुकाट्यानं संपवली आणि दुसरी मागितली. मी तर शिट्टीच मारली!

गेल्या महिन्यात अक्का निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी घोषणा देत वस्ती आली, आणि सवयीनं वॉचमननं गेट लावून घेतलं. बाहेरून आवाज आला, "शैलाक्कंगे जय!" अक्कांनी पदरानं डोळे पुसले, स्वतः गेट उघडलं आणि खुर्ची माझ्या हातात दिली.

"जय-बिय असू दे. ही आत न्यायची नाही, कळलं?"