पहिल्या रांगेचा श्वास

काल सकाळच्या मैफलीत मी बासरी ऐकायची सोडून पहिली रांगच बघत बसले. तिथे गुरुजींचे अकरा शिष्य बसले होते, त्यात माझी लेकही. न्यूमोनियातून उठल्यावर गुरुजी पहिल्यांदाच वाजवणार होते. "दम पुरला नाही तर हसू नका रे," असं त्यांनी आदल्या दिवशी क्लासमध्ये सांगून ठेवलं होतं.

आलापातला लांब स्वर लावण्याआधी त्यांनी श्वास घेतला आणि समोर अकरा जणांचे खांदे अलगद वर गेले. स्वर संपेपर्यंत कुणीच श्वास सोडला नाही. पुढच्या स्वरालाही तेच. इतकी वर्षं त्यांच्यासमोर बसून वाजवल्यामुळे सगळ्यांना ही खोडच लागली आहे. राग वहीत उतरवून घेता येतो. श्वास कुठे घ्यायचा हे मात्र गुरूसमोर बसूनच अंगात भिनत असावं. थोड्या वेळाने बघते तर मीसुद्धा श्वास धरून बसलेली! मी तर जन्मात बासरी ओठांना लावलेली नाही.

मैफल सुरेख रंगली. पोरं पाया पडायला गेली तेव्हा गुरुजी घाम पुसत म्हणाले, "अरे, हॉलमधली सगळी हवा तुम्हीच ओढून घेतलीत!"

माझी लेक म्हणाली, "तुम्हाला कमी पडली असती तर दिली असती की, गुरुजी."