रोह्याच्या ओटीवरचं कुवेत

जगाच्या पाठीवर कुठेही तोफ डागली गेली, की तिचा पहिला हादरा रोह्याला माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांच्या ओटीवर बसायचा. मोठमोठ्या राजधान्यांना जाग यायची ती नंतर. अमक्या देशात लष्कराने सत्ता घेतली, तमक्या बेटाकडे जहाजं निघाली, असं काही कानावर आलं की ते तोंडात दात घासायचा ब्रश तसाच ठेवून अंगणात येरझाऱ्या घालू लागायचे. एका हातात ट्रान्झिस्टर, आणि दुसऱ्या हाताने त्याची एरियल कधी कुंडलिका नदीकडे वळव, कधी धाटावच्या कारखान्यांकडे. बसून बातम्या ऐकताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. "जग हललेलं असताना आपण बसायचं कसं?" असं त्यांचं म्हणणं. त्यावर ताईच्या सासूबाई आतून म्हणायच्या, "तुम्ही एकदा बसून बघा, कदाचित तेही थांबेल."

जन्मभर त्यांनी मोजणी खात्यात जमिनी मोजल्या होत्या. रोह्यापासून पेणपर्यंत कुठल्या खाचराचा बांध कुणी किती कोरला, हे त्यांना तोंडपाठ होतं, आणि आंतरराष्ट्रीय राजकारण म्हणजे याहून काही वेगळं असतं, हे त्यांना कधीच पटलं नाही. कुठल्याही दोन देशांचं भांडण निघालं की त्यांचा पहिला प्रश्न, "लगतधारकांना नोटीस गेली होती का?" म्हणजे मोजणीआधी शेजारच्या जमीनवाल्यांना कळवतात, तशी. गेली नसेलच, अशी त्यांची खात्री असायची, आणि मग सगळ्या महायुद्धांचं मूळ त्यांना सापडायचं. सोव्हिएत युनियन फुटलं तेव्हा एवढ्या मोठ्या वाटपाचे नकाशे इतक्या घाईत कुणी काढले, या काळजीने ते दोन घास कमी जेवले.

लोकशाहीच्या बाबतीत तर ते फारच कडक. घरात रात्रीच्या भाजीसाठी मतदान घ्यायचे. सासूबाई निकाल शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि मनात असलेली भाजी करायच्या. "हे बघ पेणकर," मला ते पेणकरच म्हणत, "लष्करी राजवट म्हणतात ती हीच." एका वर्षी आळीच्या गणेश मंडळाने भाऊजींना, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या मुलाला, बिनविरोध अध्यक्ष करायचं ठरवलं. सभेत टाळ्या पडणार एवढ्यात हे उठले. "माझा विरोध आहे. माणूस चांगला आहे, पण बिनविरोध या शब्दालाच माझा विरोध आहे. आज मंडळात, उद्या देशात!" मग चिठ्ठ्या टाकून मतदान झालं, भाऊजी निवडून आले, आणि विसर्जन होईपर्यंत बापाशी एक शब्द बोलले नाहीत. हे मात्र खुशीत होते. "विरोधी पक्षनेता घरातच असला की बरं पडतं," म्हणायचे.

नव्वद सालच्या ऑगस्टात इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं, तेव्हा पेणला माझ्या गणपतीच्या कारखान्यात मान वर करायला फुरसत नव्हती. तरी एका सकाळी पहिल्या एसटीने ते येऊन दाखल झाले. रंगायच्या मूर्तींमधून वाट काढत मला म्हणाले, "तिसरं महायुद्ध सुरू झालं. तू डोळे कसले आखत बसलायस?" आवाजात काळजी होती, पण खोटं कशाला सांगू, थोडा उत्साहही होता. इतकी वर्षं ते ज्याची भाकितं करत होते ते एकदाचं दाराशी आलं होतं. कामगारांनी हातातले ब्रश ठेवले आणि व्याख्यान ऐकलं. पुढचे दोन-तीन दिवस रोह्याच्या पानटपऱ्यांवरही त्यांनी जगाचा शेवट नीट समजावून सांगितला.

मग एका संध्याकाळी शेजारची हलिमा कुंपणाशी आली. तिचा नवरा कुवेतमध्ये ट्रक चालवायचा. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं.

"चाचा, तुमच्या रेडिओवर आमच्या मानसांचं काय सांगतात का वो? फोन लागत नाय."

ताई सांगते, मामंजी येरझाऱ्या घालता घालता जागीच थांबले. ट्रान्झिस्टर कानाला लावून उगाच एरियल फिरवली, आणि मग म्हणाले, "सांगतात ना. आपली माणसं सुखरूप आहेत, म्हणतात." रेडिओवर तेव्हा क्रिकेट चाललं होतं.

त्या दिवसापासून त्यांचं महायुद्ध बंद झालं. टपरीवर कुणी विषय काढला तर तिथून उठून जायचे. संध्याकाळ झाली की हलिमा कुंपणाशी यायची, आणि हे दिवसभराच्या वाईट बातम्यांतून दोन बऱ्या शोधून तिला द्यायचे. तेवढ्या मिळाल्या नाहीत तर पदरच्या घालायचे. रात्रभर घरात फेऱ्या मारायचे ते वेगळंच.

गणपती गेले, माझ्या नखांतला रंग अजून सुटला नव्हता, तेव्हा ते पुन्हा पेणला आले. कुवेतमधून जॉर्डनमार्गे आपल्या माणसांना विमानाने मुंबईला आणताहेत, अशी बातमी होती. पिशवीत हलिमाच्या लग्नातला फोटो. "चल," म्हणाले, "विमानतळावर जाऊन उभं राहायचं."

आम्ही उभे राहिलो. बाहेर येणाऱ्या माणसांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या, पायात भलत्याच चपला. कुणी नातेवाइकांच्या गळ्यात पडून रडत होतं, कुणी नुसतंच बघत होतं. हे प्रत्येकाला अडवायचे आणि फोटो पुढे करायचे. "कुवेतचे का? वस्ती कुठली? रोह्याचा एक ट्रकवाला पाहिलात?" बंदोबस्ताच्या शिपायाने हटकलं, तर त्यालाही फोटो दाखवला. शेवटी श्रीवर्धनकडचा एक मेकॅनिक थांबला. फोटोतल्या नवरदेवाचा फेटा त्याने बोटाने झाकून पाहिला. "हा? हा आमच्याच तंबूत होता, वाळवंटात. पर तापानं फणफणला होता. विमानात घेतला नाय त्याला."

परतीच्या गाडीत ते तो फोटो पुन्हा पुन्हा पिशवीतून काढून बघत होते. पेणला मी उतरायला उठलो तर माझा हात धरून ठेवला. "रोह्यापर्यंत ये. आणि तापाचं बोलू नकोस."

हलिमा वाटच बघत होती. "दिसला," ते म्हणाले. "म्हणजे, बघणारा माणूस भेटला. तंबूत आहे, जेवतोखातो. पुढच्या कुठल्यातरी विमानाने येईल." ती रडायला लागली आणि हे मागच्या अंगणात निघून गेले. मी गेलो तर पेरूच्या झाडाला टेकून उभे. "पेणकर, तो नाही आला, तर या पोरीला मी तोंड कसं दाखवू?"

तो आला. गालफडं बसलेली, अंगावर कुणाचातरी मोठा शर्ट, स्टँडवरून चालत. आळी गोळा झाली. बोलता बोलता त्यानेच तापाचं सांगितलं. हलिमाने वळून विचारलं, "चाचा, तुमाला ठाव होतं?"

"होतं," ते म्हणाले आणि जमिनीकडे बघत राहिले. ती वळून आत गेली. थोड्या वेळाने शेवयांच्या खिरीचं पातेलं घेऊन कुंपणापाशी आली.

लढाई संपली, कुवेत पुन्हा उभं राहू लागलं, तसा तो परत निघाला. यांनी बरंच समजावून पाहिलं. तो म्हणाला, "चाचा, हितं कंपनीत कंत्राटी काम, तेपण शिफ्टला बोलावतील तवा. पोरगी झालीय आता. काय करू, तुमीच सांगा." महासत्तांना रोज सल्ले देणाऱ्या माणसाने नुसती त्याची बॅग उचलली आणि स्टँडपर्यंत नेऊन दिली.

दशक संपता संपता मी त्यांना शेवटचं भेटलो. सीमेवर लढाई पेटली होती, आणि ते मात्र आता खुर्चीतून उठू शकत नव्हते. पाय तेवढे बसल्या जागी हलत होते. मी विचारलं, "काय म्हणतंय जग?" त्यांनी आधी कुंपणाकडे पाहिलं. हलिमा दोरीवर कपडे वाळत घालत होती. मग मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "सगळं शांत आहे."

हलिमा हसली. "चाचा, आमच्याकडं टीव्ही हाय आता. सगळं दिसतं."

ते ओशाळले. तिने हातातला फ्रॉक झटकून दोरीवर टाकलं, त्याला चिमटा लावला आणि म्हणाली, "पन तुमी सांगा वो. तुमच्याकडनं आयकल्याबिगर मला झोप लागत नाय."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली.