आठ माणसं आणि मोठीबाय

मोठीबाय माणसांवर कधी रागवायची नाही, भांड्यांवर रागवायची. "कवरा उशीर तुना? गावभर उंडारून आलंस का?" असं ती पातेल्याला दरडावून विचारायची, तेव्हा ते बिचारं नुकतंच फळीवरून खाली उतरलेलं असायचं आणि गावभर उंडारून आलेले आमचे हे पडवीत चपला काढत असायचे. लेकी बोले सुने लागे, तसलाच प्रकार. पण आमच्या घरात ज्यांना लागायला हवं त्यांना ते कधी लागलं नाही. ते हातपाय धुऊन पानावर बसायचे आणि म्हणायचे, "वयनी, वाढा." लागायचं ते मला. मी मास्तरांची मुलगी, जे बोलायचं ते तोंडावर बोलणारी. ह्यांच्याशी भांडायला उभी राहिले की मोठीबाय मलाच गप्प करायची आणि तव्याला आणखी चार शिव्या घालायची.

मोठीबाय म्हणजे माझी थोरली जाऊ. माहेर खारबावकडचं, खाडीकाठचं. मी भिवंडी शहरातून लग्न होऊन जवळच पूर्ण्याला आले, तेव्हा माझे थोरले दीर नुकतेच वारले होते. तिला मूलबाळ नव्हतं आणि घराची सगळी सूत्रं तिच्या हातात होती, असं सगळे म्हणायचे. सूत्रं कसली डोंबलाची! विळी होती आणि फुंकणी होती. मी शाळेत नोकरी करायचे, त्यामुळे माझा निलेश वाढला तो तिच्याच मांडीवर. पुढे आमच्या भाताच्या खाचरांवर गोडाऊनं उभी राहिली. थोरल्या दिरांचा हिस्सा तिच्या नावावर, म्हणून प्रत्येक व्यवहाराला तिची सही लागायची. त्या दिवशी तिला ओसरीवर खुर्ची मिळायची. सही झाली की खुर्ची तिथेच राहायची आणि मोठीबाय चहा टाकायला आत जायची.

"आपुन घरचीच हाव" हे तिचं पालुपद. निलेशच्या लग्नात वऱ्हाडाच्या बसमधल्या जागा मोजून सगळ्यांना वाटून दिल्या, आणि नवरदेवाला लहानाचा मोठा केलेली बाई ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या गरम झाकणावर बसली, मानाच्या साड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन. मी म्हटलं, "अहो, चटका बसेल." तर म्हणे, "बसूं दे गो. पावन्यांना जागा व्हवी. आपुन घरचीच हाव." हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. घरची म्हणजे मोजायचीच नाही, हा अर्थ काढला कुणी? आमच्याकडे मात्र तो रिवाजच होता. कुठेही जायचं असो, माणसं किती असं विचारलं की उत्तर यायचं, "बारा. आणि मोठीबाय." ते 'आणि' वर्षानुवर्षं इतकं सहज म्हटलं जायचं की त्यात काही चुकतंय असं कुणाच्या मनातही येत नसे.

एकदा मे महिन्याच्या दुपारी आम्ही दोघी पापड लाटत बसलो होतो, तेव्हा तिने मला एक गोष्ट सांगितली. तिच्या वडिलांची शिडाची होडी होती. खाडीतून विटा, गवत, कधी मीठ घेऊन जायची. तिचे भाऊ त्या होडीत बसून गेले, गावातली कुणाकुणाची पोरं गेली, पण हिला कधी घेतलं नाही. पोरी होडीत बसल्या की वारा रुसतो म्हणे! "मी बंदरावर उभी रवायची," ती म्हणाली, "शिड फुगलां का मना वाटाचा, आता बाबा बोलवंल. बाबा कया बोलवतंय? मंग होरी विकली, बाबाही गेला." आणि लगेच पापडाला ओरडली, "नीट गोल व्हना रं मेल्या!" त्या वाऱ्याचा आणि त्या बापाचा मला इतका राग आला की माझे पुढचे चारही पापड फाटले.

तर ही पार्श्वभूमी. आता निलेशचं कौतुक ऐका. गोडाऊनांची भाडी येऊ लागल्यावर लेकाला मोबाईलवर बोटींचे व्हिडिओ बघायचा नाद लागला. मालदीव झालं, दुबई झाली, आता म्हणे कॅरेबियनला जायचं. हॉटेल नको, आख्खी यॉट भाड्याने घ्यायची आणि आठवडाभर या बेटावरून त्या बेटावर हिंडायचं. मी, आमचे हे, निलेश आणि सून स्नेहल, निलेशचे दोन मित्र आणि त्यांच्या बायका. आठ माणसं. आणि मोठीबाय.

मला वाटलं, ती नाहीच म्हणेल. गुडघे धरलेले, शिर्डीच्या पलीकडे कधी गेलेली नाही. पण तिने निलेशला एकच प्रश्न विचारला, "शिडाची हाय का मशीनची?" निलेश म्हणाला, "शिडाची आहे मोठीबाय, हे एवढं शिड!" संपलं. दुसऱ्या दिवशी ती पासपोर्टच्या फोटोसाठी पावडर लावून तयार होती. मला इतका आनंद झाला होता की निलेशचं त्या दिवशी मी खरोखर कौतुक केलं. आज ते शब्द परत घेते.

दोन विमानं बदलून, अंग आंबवून आम्ही सेंट व्हिन्सेंट नावाच्या बेटावर पोचलो. बोट म्हणाल तर दोन होड्या शेजारी शेजारी जोडून त्यावर बंगला बांधावा तशी. मधल्या बंगल्यात गाद्यागिरद्या, दोन्ही पोटांत खोल्या, आणि पुढे दोन टोकांच्या मध्ये पाण्यावर ताणलेलं मोठं जाळं, त्यावर लोळत समुद्र बघायचा. खोल्या चार. चारही जोडप्यांच्या. मी निलेशला विचारलं, "मोठीबाय कुठे झोपणार?" तर त्याने मला बोटीच्या टोकाला नेलं, जमिनीतलं एक झाकण उचललं आणि खाली बोट दाखवलं. शिडीने उतरायचं, आत एक फळी, फळीवर गादी. बोटीवर काम करणाऱ्यांसाठी ठेवलेली जागा ती. दुसऱ्या टोकाच्या तसल्याच बिळात कॅप्टन झोपणार होता. बुकिंग करताना साहेबांनी आठच माणसं सांगितली होती!

"आणि स्वयंपाकी?" मी विचारलं. तो कुठे दिसत नव्हता. निलेशने खांदे उडवले. "नाही घेतला. त्या लोकांचं उकडलेलं कोण खाणार? मोठीबाय आहे ना. तिने मसाला, तांदळाचं पीठ, सुकट, सगळं बांधून आणलंय."

म्हणजे माझ्या मुलाने त्या बाईला सातासमुद्रापलीकडे भाकऱ्या थापायला आणलं होतं. बोट धक्क्याला असतानाच मी त्याला फैलावर घेतलं. ह्यांना म्हटलं, तुम्ही तरी बोला. हे म्हणाले, "वयनीला सवय हाय." तेवढ्यात मोठीबाय त्या झाकणातून डोकं बाहेर काढून म्हणाली, "भांडू नुको गो. मस्त हाय. मना एकटीला खोली हाय." गुडघ्यांचं दुखणं लपवण्यासाठी तिने दात आवळलेले मला दिसत होते.

पहिले काही दिवस मला बोट लागली आणि मी आडवी पडून होते. मोठीबाय तीन पायऱ्या खालच्या स्वयंपाकघरात. समोर हातभर काच, त्यातून पाणी दिसायचं, पण तिची पाठ तिकडे असायची, कारण गॅस उलट्या बाजूला. सकाळी घावणे, दुपारी भात-कालवण, चार वाजता निलेशच्या मित्रमंडळाला भजी, रात्री भाकऱ्या. त्या बोटीवरचे तवे तिला मुळीच आवडले नाहीत. "आपटला तरी वाजत न्हाय," ती म्हणाली. वर जाळ्यावर लोळून सगळ्यांचे फोटो चालले होते. हे कॅप्टनला वेस्ट इंडिजच्या जुन्या फास्ट बोलरांविषयी त्याच्यापेक्षा आपल्यालाच जास्त माहीत असल्यासारखे सांगत होते. आणि शिड? ते गुंडाळून ठेवलेलं. वारा पडलेला म्हणून बोट मशीनवरच चालली होती.

मी उठून बसू लागले त्या दिवशी कॅप्टनने मला विचारलं, "तुमची कुक फार छान आहे. कुठून आणलीत?" तो त्या बेटांवरचाच, साठीकडे झुकलेला, मोकळ्या मनाचा माणूस होता. मी म्हटलं, "ती कुक नाही. आमच्या घरातली सगळ्यांत मोठी आहे." तो गोंधळला. "मग ती त्या खोलीत का झोपते?" काय सांगणार कपाळ! शरमेने आणि संतापाने माझे कान तापले. निलेश शेजारीच होता. तो हसून म्हणाला, "तिला चालतं."

त्या दुपारी वारा आला. कॅप्टनने दोऱ्या ओढल्या, ते प्रचंड शिड सरसर वर गेलं आणि मशीनची घरघर थांबली. खाली मोठीबाय मासे तळत होती. आवाज थांबल्याबरोबर तिला कळलं. पदराला हात पुसत, एकेक पायरी धरत ती वर आली आणि दारातच मान वर करून उभी राहिली. तोंड उघडं, डोळे एवढाले. मी तिला तशी कधीच पाहिली नव्हती. आणि जाळ्यावर पडल्या पडल्या, मागे न बघता निलेश ओरडला, "मोठीबाय, आधी मासे बघ, करपतायत. शिड काय पळून नाय जात!"

ती खाली गेली. मासे तिने काढले, वाढले. तव्याला एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची वेळ झाली तरी खाली सामसूम. मी बघायला गेले तर गॅस बंद, ओटा स्वच्छ. मोठीबाय पुढे जाळ्यावर बसलेली. नवी हिरवी साडी, केसांना तेल, पाय पसरलेले, खालून पाणी उसळून पावलांना लागतंय. निलेश डोळे चोळत आला. "मोठीबाय, चहा?"

"व्हय, आन," ती म्हणाली. "साखर जास्त घाल."

त्याला वाटलं, गंमत करतेय. "अगं, नाश्त्याला काय आहे?"

तेव्हा ती वळली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा भांड्याकडे नाही, माणसाकडे बघून बोलली. "निल्या, घरान मी घरची. हितं घर न्हाय. हितं मी पावनी हाय. पावन्यांना काय देतंस ता दे."

हे पुढे झाले. "वयनी, असं काय करता? पोरं उपाशी रवतील." ती म्हणाली, "भाऊजी, येवरा मोठा दरया हाय. मासं धरा नि खा." मी टाळ्या वाजवल्या. हो, वाजवल्या! कॅप्टनला मराठीचा गंधही नव्हता, पण त्यानेही वाजवल्या, आणि आपल्या हाताने तिला चहा करून आणला.

त्या दिवशी आमच्या पुरुषांनी खिचडी केली. खिचडी कसली, पोस्टरं चिकटवायची खळ ती! मोठीबायने ती पाहुण्यासारखी नावं न ठेवता खाल्ली आणि परत जाळ्यावर जाऊन बसली. मी तिच्या शेजारी बसले. शिड भरलेलं, बोट एका अंगाला थोडी झुकलेली. ती मान वर करून शिडाकडे बघत होती. मग म्हणाली, "वारा कया रुसला गो? बघ, कसा येतंय." मला रडू आवरेना. बोट परत देईपर्यंत ती स्वयंपाकघरात उतरली नाही. रात्री त्या बिळातही नाही. उशी घेऊन जाळ्यावरच झोपली. शेवटच्या दिवशी एका बेटाच्या बाजारातून तिने नारळ आणला, बरोबरच्या पुडीतलं हळदकुंकू लावलं आणि नारळी पुनवेला देतात तसा समुद्राला दिला.

आणि घरी आल्यावर या सगळ्याचं झालं काय? विनोद झाला. 'मोठीबायचा संप' म्हणून गोडाऊनच्या ऑफिसात, हळदीच्या मांडवात, जिथे तिथे सांगितला गेला. लोक हसायचे. तीही हसायची आणि वाढायची. मी तेवढी एकटीच कजाग ठरले. मला सगळ्यांत जास्त चीड याची यायची की हसता हसता त्यांनी तिचं ते एक वाक्य पुसून टाकलं. पुन्हा "पंधरा. आणि मोठीबाय" सुरू झालं. मी मात्र त्या दिवसापासून प्रत्येक ठिकाणी मोठ्याने "सोळा" म्हणायला लागले. भांडणं झाली. होऊ देत.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. साधा ताप म्हणता म्हणता छातीत कफ झाला आणि चार दिवसांत खेळ आटोपला. दवाखान्यात जाईपर्यंत ओट्याशी उभी होती. तिच्या तेराव्याला अंगणात मांडव घातला, गाव जेवायला आलं. जो तो सांगत होता, "नशीबवान बाई! पुतण्यानं कॅरेबियन दाखवलं." निलेश मान खाली घालून ऐकत होता. त्याचे डोळे सुजलेले होते, ते खोटं नाही. त्याला मांडीवर वाढवलेलं माणूस गेलं होतं. मी पंगतीत आमटी वाढत होते. तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "आई, तिच्या आठवणीसाठी दिवाळीला परत तीच बोट घेऊ या म्हणतो. तिला खूप आवडली होती."

माझं मन क्षणभर विरघळलं. मी म्हटलं, "घे. जाऊ आपण."

"पण तुला जमेल ना गं?" तो म्हणाला. "म्हणजे, जेवणाचं. मोठीबायचा मसाला आता फक्त तुलाच येतो."

पंगत आमटीसाठी थांबली होती. मी भांडं त्याच्या हातात दिलं, वर पळी ठेवली, आणि पहिल्या रांगेत, गावच्या मोठ्या माणसांच्या मधोमध, एका रिकाम्या पानावर जाऊन बसले.