शैक्षणिक खंडाचे कारण

लाखनीच्या तहसील कार्यालयाबाहेर एका टपरीत मी प्रतिज्ञापत्र टाइप करून घ्यायला गेले होते. मेडिकलच्या प्रवेशासाठी बाकीची कागदपत्रं जमली होती. राहिलं होतं ते फक्त गॅपचं, म्हणजे मधल्या वर्षांत शिक्षण का थांबलं ते सांगणारं. सोबत मोठे बाबा आले होते, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आम्ही एकाच घरात राहतो.

टायपिस्टने माझ्या गुणपत्रिका एकावर एक ठेवून पाहिल्या.

"धाव्वीत विज्ञानात सत्त्याण्णव! आन् बारावीत बायोलॉजीतच नापास? डाक्टर होतो म्हणते अन् बायोलॉजीतच गोटा?"

तो वाईट भावनेने हसला नाही. तरीही मी खाली पाहिलं.

"कारण काय टाकू? घरगुती अडचण टाकतो. सगळ्यांचं तेच टाकतो मी."

मी मान हलवली. कागद बाहेर आला. खाली ओळ होती, 'वरील मजकूर खरा आहे'. तिच्याखाली मला सही करायची होती. मी पेन टेकवलं आणि हात तिथेच थांबला.

मला हे नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. चार वर्षं मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. त्यामुळे औषधाची बाटली असो, बँकेची चिठ्ठी असो की खताच्या पोत्यावरचा मजकूर, सगळं माझ्याकडे यायचं. मी म्हणेन ते खरं. मोठी आई, म्हणजे मोठ्या बाबांची बायको, मला दहावीपासूनच डाक्टरीन म्हणायची. मी सायन्स घेतलं तेव्हा घरात कुरकुर झाली होती. ती म्हणाली होती, "शिकू द्या ना पोट्टीले. रोवण्याले हात का कमी हायेत?"

बारावी सुरू होऊन महिना झाला होता. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू होता. त्या सकाळी उजाडता उजाडता ती बैलांसाठी घरामागच्या ढिगातून तणस, धानाचा पेंढा, ओढत होती. मी दात घासत उभी होते. ती बोट झटकत माझ्याकडे आली.

"पाय बरं वो डाक्टरीन, काई चावलं वाटते."

मी मोबाइलचा उजेड पाडून पाहिलं. बोटावर काहीच नव्हतं. टाचणी टोचल्यासारखा एक ठिपका असेल, तोही आता मी आठवणीत वाढवून पाहते की काय, सांगता येत नाही. मी कुठेतरी वाचलं होतं की विषारी साप चावला तर दोन दातांच्या खुणा उमटतात, सूज येते, आग होते. मी विचारलं, "आग होते का?" ती म्हणाली, "नाई वो."

"मंग मुंगळा असंल. विषारी असतं तं सुजलं असतं."

मी हे ठामपणे म्हटलं होतं. ती हसली, बोट लुगड्याला पुसलं आणि शेतात गेली. गावात कोणाला काही चावलं की लोक आधी झाडफूक करणाऱ्याकडे धावतात आणि मग दवाखान्यात, आणि मी त्यांना अडाणी म्हणायचे. मोठी आई यातल्या कुठेच गेली नाही. तिच्या घरात सायन्सवाली होती.

दहाच्या सुमारास तिचं पोट दुखू लागलं. ती बांधीतल्या चिखलातून वर येऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसली. मी तासाभराने डबा घेऊन पोहोचले तेव्हा म्हणाली, "मले झोप येऊन राहिली वो." तिच्या पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या. ती त्या वर उचलायचा प्रयत्न करत होती आणि त्या उचलल्या जात नव्हत्या. ऑटोने दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी अंगठ्याने तिची पापणी वर केली, सोडली. ती तशीच खाली आली. दुपारी ती गेली. ते म्हणाले, मण्यार असावी. तिचा दंश बहुतेक वेळा सुजत नाही, दिसतही नाही.

त्यानंतर जीवशास्त्राचं पुस्तक उघडलं की माझाच आवाज ऐकू यायचा. सुजलं असतं. परीक्षेत मी नाव, क्रमांक लिहिला आणि उत्तरपत्रिका जवळजवळ कोरी दिली. जुलैच्या फेरपरीक्षेला बसलेच नाही. पुन्हा रोवणा आला होता. शेजारची काकू आईला विचारायची, "काहून वो, डाक्टरीन घरीच?" दुसऱ्या वर्षी पास झाले. मग नीटची परीक्षा, आणि मग पुन्हा नीटची. कशासाठी अभ्यास करत होते ते मला तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मी सही न करता टपरीबाहेर आले. मोठे बाबा मागे आले.

"काय झालं बेटा?"

मी सांगितलं. उभ्या उभ्या, रस्त्यावरून ट्रक जात असताना, सगळं.

त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलं. "मले मालूम हाय."

"कसं?"

"तिनंच सांगतलं होतं धुऱ्यावर. म्हणे पोरीनं पायलं, काई नाई. पोट दुखते म्हणत होती, तं मीच म्हणलो, पोरगी म्हणते तं मंग काई नसंल. पड घडीभर." दुपट्टा परत खांद्यावर टाकत म्हणाले, "एक घंटा झोपू देल्लो मी तिले."

"तुम्ही मले बोलले काहून नाही?"

"तुले बोललो असतो, तं मंग मले कोण बोललं असतं?"

त्यांनी मला माफ केलं असं मला वाटलं नाही. मी तसं काही मागितलंही नव्हतं.

परत जाऊन मी टायपिस्टला कारण बदलायला सांगितलं. 'घरातील व्यक्तीचा सर्पदंशाने मृत्यू झाला, दंश मला ओळखता आला नाही, त्यानंतर अभ्यास खंडित झाला.'

"इतकं कोणी वाचत नाही बाई," तो म्हणाला. पण टाइप केलं. मी सही केली. साक्षीदार म्हणून मोठ्या बाबांनी एक एक अक्षर जोडत नाव लिहिलं.

प्रवेशाच्या दिवशी कॉलेजात कागदपत्रं तपासणाऱ्या मॅडमनी मात्र ते वाचलं. चष्मा वर करून विचारलं, "कोणता साप?"

"मण्यार."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शिक्का मारला, पुढचं नाव पुकारलं.

आता मी पहिल्या वर्षाला आहे. सुट्टीत घरी गेले की मोठे बाबा तणस काढण्याआधी काठीने ढीग ठोकताना दिसतात, एकदा नाही, चार-पाच वेळा. आणि वर्गात बाजूच्या मुलीने जांभई दिली, तरी मी आधी तिच्या पापण्या पाहते. त्या पूर्ण वर जाईपर्यंत पाहत राहते.